ओएचएल की यूएसएचएल आणि कॉलेज? पंधरा वर्षांच्या हॉकीपटूच्या आईवडिलांसाठी

हंगाम संपून ड्राफ्टचे, म्हणजे लीगमधल्या संघांनी पाळीपाळीनं खेळाडू निवडायचे दिवस आले की डेट्रॉईटच्या आसपासच्या मराठी घरांतून हल्ली हमखास फोन येतात. पोरगं आइस हॉकीत ट्रिपल-ए, म्हणजे वयोगटातल्या सगळ्यांत वरच्या पातळीवर खेळतंय, पंधरा पूर्ण झालीत, ओएचएल या मुख्यतः कॅनडातल्या ज्युनियर लीगच्या एका संघानं ड्राफ्टमध्ये नाव घेतलंय आणि यूएसएचएल या अमेरिकेतल्या ज्युनियर लीगचा एक कोचही मागे लागलाय. कुठं पाठवायचं? आम्ही या प्रश्नातून गेलोय. मुलगा डिफेन्समन आहे. ओएचएलनं त्याला मधल्या फेरीत उचललं होतं. आम्ही आयोवातला यूएसएचएल संघ घेतला आणि तिथून तो पहिल्या डिव्हिजनच्या कॉलेज हॉकीत गेला. माझा कल कुठं असणार हे उघड आहे. पण दुसरी वाटही मी जवळून पाहिलीय. त्याच्याबरोबर लहानपणापासून खेळलेली मुलं तिकडं गेली आणि त्यातल्या काहींचं फार चांगलं झालं. त्यामुळे जे सांगतोय ते दोन्हीकडची माणसं ओळखून सांगतोय.

एक शब्द पुढं सारखा येईल: बिलेट कुटुंब, म्हणजे परगावी खेळणाऱ्या मुलाला हंगामभर आपल्या घरी ठेवून घेणारं कुटुंब.

सुरुवात नियमापासून करायला हवी, कारण चार-पाच वर्षांपूर्वी ऐकलेला सल्ला आज तसाच्या तसा लागू होत नाही. आमच्या वेळी ओएचएल, डब्ल्यूएचएल, क्यूएमजेएचएल या तिन्ही कॅनेडियन ज्युनियर लीग एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतले कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या दृष्टीनं व्यावसायिक होत्या. तिथं एक सामना खेळलात की कॉलेज हॉकीचं दार बंद, मग तो सराव सामना का असेना. ओएचएलच्या विंडसरकडून सोळाव्या वर्षी दोन सराव सामने खेळल्यामुळे अपात्र ठरलेल्या एका मुलाच्या वतीनं ऑगस्ट २०२४ मध्ये बफेलोच्या फेडरल कोर्टात खटला दाखल झाला. त्यानंतर काही महिन्यांतच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, एनसीएएनं नियम बदलला. १ ऑगस्ट २०२५ पासून कॅनेडियन ज्युनियरमध्ये खेळलेला मुलगाही कॉलेजकडून खेळू शकतो. अट एवढीच, की राहण्या-खाण्या-प्रवासाच्या खऱ्या खर्चापलीकडे त्यानं पैसे घेतलेले नसावेत आणि एनएचएलचा, म्हणजे सगळ्यांत वरच्या व्यावसायिक लीगचा करार केलेला नसावा. गॅव्हिन मॅकेना हा खेळाडू डब्ल्यूएचएलचा मेडिसिन हॅट संघ सोडून पेन स्टेट विद्यापीठात गेला तो याच नियमामुळे.

आमच्यासाठी तो निर्णय एकदाच घ्यायचा होता. तुमच्यासाठी तो तितका एकतर्फी राहिलेला नाही. सोळाव्या वर्षी ओएचएल आणि एकोणिसाव्या वर्षी कॉलेज, हा रस्ता आता खुला आहे. म्हणून प्रश्न ‘ओएचएल की कॉलेज’ एवढाच उरत नाही. सोळा ते अठरा ही वर्षं कुठं काढायची, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते तो पूर्वीइतकाच अवघड आहे.

ओएचएलच्या बाजूनं बोलायचं तर मोठं नाव आपल्याच गावचं आहे. ॲलेक्स डिब्रिंकॅट फार्मिंग्टन हिल्सचा. उंचीनं कमी, जन्म डिसेंबरचा, म्हणजे आपल्या वयोगटात जवळजवळ सगळ्यांत धाकटा. तो ईरी ऑटर्सकडं गेला आणि पहिल्या दोन्ही हंगामांत प्रत्येकी ५१ गोल केले, तिसऱ्यात ६५. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये शिकागोनं त्याला २०१६ मध्ये ३९व्या क्रमांकावर घेतलं, आणि आज तो डेट्रॉईटच्या रेड विंग्जकडून खेळतो. अंगानं लहान मुलांनी ओएचएलकडं जाऊ नये असं कुणी सांगू लागलं की मी त्याचं नाव घेतो. बफेलोच्या पॅट्रिक केनची गोष्ट त्याहून जुनी. तो चौदाव्या वर्षी घर सोडून आपल्या डेट्रॉईटच्या हनीबेक्ड क्लबकडून खेळायला आला, मग दोन वर्षं अमेरिकेच्या राष्ट्रीय विकास संघात (निवडक तरुण खेळाडूंना घडवणाऱ्या संघात) राहिला आणि २००६-०७ मध्ये ओएचएलच्या लंडन नाइट्सकडं (हे लंडन ओंटारिओतलं) गेला. तिथं ५८ सामन्यांत १४५ गुण, पुढच्या उन्हाळ्यात ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक, आणि त्याच शरद ऋतूत थेट एनएचएल. अठराव्या वर्षी एनएचएल खेळायची ज्याची खरोखर तयारी आहे, त्याला ओएचएलचा हंगाम एनएचएलच्या हंगामासारखा वाटतो. ६८ सामने, लांबलचक प्रवास, प्लेऑफमध्ये सात सामन्यांच्या मालिका, खचाखच भरलेलं स्टेडियम. लंडनसारख्या गावात ज्युनियर हॉकी हेच मुख्य आकर्षण असतं. सतरा वर्षांच्या मुलाला तिथं रस्त्यात ओळखतात.

त्याचं बळ मी कमी लेखत नाही. आमच्या क्लबमधला एक फॉरवर्ड सोळाव्या वर्षीच पूर्ण वाढलेला होता. शाळेत त्याचं मन फारसं नव्हतं, आणि बर्फावर मात्र दोन वर्षं पुढचं खेळायचा. तो ओएचएलला गेला आणि माझ्या मते ते अगदी योग्य झालं. त्याला यूएसएचएलमध्ये आणि मग कॉलेजच्या वर्गात बसवलं असतं तर तो कंटाळून गेला असता.

ओएचएलच्या बाजूनं आणखी एक मुद्दा आहे तो शिक्षणाच्या पॅकेजचा. आपल्याकडचे लोक ‘तिथं शिक्षण बुडतं’ असं सरसकट म्हणतात, ते बरोबर नाही. संघ मुलाशी करार करतो तेव्हा साधारणपणे खेळलेल्या प्रत्येक हंगामामागं एका वर्षाची कॉलेज फी देण्याचं कबूल करतो. पण अटी बारीक अक्षरांत असतात. एनएचएलचा करार झाला की ते पॅकेज बहुधा संपतं, ज्युनियर हॉकी संपल्यावर ठरावीक मुदतीत शिक्षण सुरू करावं लागतं, आणि पुस्तकं-राहणं यातलं काय धरलंय ते करारागणिक वेगळं. वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

आता जे सांगणार आहे त्यावर आमचा निर्णय झाला. ती गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात नसते आणि ड्राफ्टच्या दिवशी कुणी बोलत नाही. ती म्हणजे आठवड्याच्या मधली रात्र.

निवड झाल्यावर संघानं आम्हाला बोलावलं होतं. संघाचं नाव घेत नाही, माणसं चांगली होती आणि त्यांनी काही लपवलं नाही. आम्ही बुधवारी संध्याकाळी सामना पाहिला. छान झाला. मुलगा काचेला नाक लावून बसला होता. सामना संपल्यावर आम्ही ज्या बिलेट घरी उतरलो होतो तिथला सतरा वर्षांचा मुलगा जेवून वर गेला, आणि सकाळी साडेसातला खाली आला तेव्हा एका हातात सीरियलचा वाडगा आणि दुसऱ्या हातात केमिस्ट्रीचं वर्कशीट. घरच्या बाई म्हणाल्या, हा तर घरचा सामना होता, बाहेरगावचा असता तर बस पहाटे आली असती. मी त्या मुलाला विचारलं, जिम कधी करतोस? त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘हंगामात जे टिकवता येईल ते टिकवायचं. अंग उन्हाळ्यात कमवायचं.’ तक्रार म्हणून नाही, सहज सांगितलं त्यानं.

परतताना गाडीत आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो. माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. आमचा मुलगा नोव्हेंबरचा. तेव्हा त्याचं वजन १४० पौंडांच्या आत होतं. हाडं लांब झाली होती पण अंग भरलेलं नव्हतं, आणि आमच्या दोघांच्याही घरची पुरुषमंडळी विशी ओलांडल्यावर भरली आहेत. डिफेन्समनला कोपऱ्यात स्वतःहून चाळीस पौंड जड माणसाशी भिडावं लागतं. अशा मुलाला सोळा ते वीस या काळात सगळ्यांत जास्त गरज कशाची? माझ्या समजुतीनुसार सामन्यांची नाही. सरावाच्या दिवसांची, वजनं उचलण्याची, झोपेची आणि पोटभर खाण्याची. सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत ६८ सामने म्हणजे आठवड्याला जवळपास तीन. मध्ये प्रवास, मध्ये थकवा उतरवायचा दिवस. उरतं काय?

आता कुणी म्हणेल, यूएसएचएल तरी काय वेगळी? तिथंही साठाच्या वर सामने होते. शिवाय नेब्रास्का, आयोवापासून ओहायोतल्या यंगस्टाऊनपर्यंत पसरलेली लीग, बसमध्ये जन्म जातो. हे खरं आहे, आणि आकडे पाहिले तर फरक थोडासाच दिसतो. पण आमच्या अनुभवात आठवड्याचा साचाच वेगळा होता. सामने मुख्यतः शुक्रवार-शनिवारचे. सोमवार ते गुरुवार मुलगा सकाळी शाळेत, दुपारी बर्फावर, मग वजनं, मग घरी. बिलेट आईला मी फोनवर पोळ्यांची पाककृती सांगितली होती. तिनं त्या टॉर्टियाच्या तव्यावर केल्या आणि पुढं तिच्या स्वतःच्या मुलांनाही त्यांची सवय लागली. पहिल्या हिवाळ्यात तो नाताळला घरी आला तेव्हा जुन्या कोटाच्या बाह्या दंडाला घट्ट बसत होत्या. याला मोजमाप म्हणा की नका म्हणू, माझ्यासाठी ते पुरेसं होतं.

आणि कॉलेजला गेल्यावर हा फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा होतो. एनसीएएचा नियमित हंगाम ३४ सामन्यांचा, म्हणजे ओएचएलच्या निम्मा. जवळजवळ सगळे शुक्रवारी आणि शनिवारी. सोमवार ते गुरुवार चार दिवस फक्त घडण्याचे. सामने कमी म्हणजे अनुभव कमी, हा आक्षेप मी अनेक कॅनेडियन कोचांच्या तोंडून ऐकलाय आणि त्यात तथ्य आहे. ज्याचा खेळ सामन्यांतूनच सुधारतो, त्याला कॉलेजचं वेळापत्रक मंद वाटेल. पण ज्याचं शरीर अजून तयार व्हायचं आहे, त्याच्यासाठी ते चार दिवस सोन्याचे आहेत.

दुसरी गोष्ट वयाची. कॅनेडियन ज्युनियरमध्ये विसाव्या वर्षी खेळणारे मोजकेच, संघागणिक तीन, आणि तो हंगाम झाला की संपलं. कॉलेजात पहिल्या वर्षाचे विद्यार्थीच पुष्कळदा वीस-एकवीस वर्षांचे असतात, कारण आधी दोन-तीन वर्षं ज्युनियरमध्ये काढून आलेले असतात. मुलगा तेवीस-चोवीसपर्यंत खेळू शकतो. म्हणजे उशिरा पिकणाऱ्या पोरांना पिकायला जागा मिळते. एनएचएलच्या संघालाही कॉलेजच्या खेळाडूची वाट पाहायला आजवर जास्त मुदत मिळत आलीय. कॅनेडियन ज्युनियरमधून निवडलेल्याशी दोन वर्षांत करार करावा लागायचा, कॉलेजवाल्यासाठी चार-चार वर्षं थांबता यायचं. एनएचएल आणि खेळाडूंमधल्या नव्या सामूहिक करारात ही तफावत कमी होते आहे, म्हणून यावर फार भर देत नाही.

उशिरा पिकलेल्यांमध्येही आपल्या शेजारचं एक नाव आहे, आणि ते मी प्रत्येक फोनवर सांगतो. कॉनर हेलेबाइक कॉमर्स गावचा, वॉल्ड लेक नॉर्दर्न हायस्कूलच्या संघाचा गोलकीपर. शाळेनंतर तो कुठं गेला? टेक्ससमधल्या ओडेसाला, नॉर्थ अमेरिकन हॉकी लीगमध्ये. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये विनिपेगनं त्याला पाचव्या फेरीत, १३०व्या क्रमांकावर घेतलं. मग मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला कॉलेज हॉकीची दोन वर्षं. २०२५ मध्ये त्याच्याकडं एकाच हंगामाचे हार्ट (सगळ्यांत मोलाचा खेळाडू) आणि वेझिना (सर्वोत्तम गोलकीपर) असे दोन्ही करंडक होते. जो पॅव्हेल्स्कीचंही तसंच. विस्कॉन्सिनचा मुलगा, यूएसएचएलमध्ये वॉटर्लूकडून खेळला, मग विस्कॉन्सिन विद्यापीठ. २००३ मध्ये २०५व्या क्रमांकावर निवडला गेला, सातव्या फेरीत. आणि खेळला किती वर्षं! सोळाव्या वर्षीच्या मापानं मोजलं असतं तर ही माणसं कुणाच्या यादीतच नव्हती.

आमच्या घरात सगळ्यांत जास्त चर्चा डिफेन्समनचीच व्हायची, म्हणून झॅक वेरेन्स्कीचं नाव घेतो. ग्रोस पॉइंटचा. शाळा लवकर संपवून सतराव्या वर्षी मिशिगन विद्यापीठात गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात, २०१५ मध्ये, आठव्या क्रमांकावर निवडला गेला. ॲन आर्बरच्या योस्टमध्ये त्याला पाहिल्यावर मुलगा घरी येऊन गॅरेजच्या दारावर पक मारत राहिला होता. योस्ट ही १९२३ मधली वीट-बांधकामाची जुनी इमारत. आत शिरलं की विद्यार्थ्यांच्या आरोळ्यांनी छाती दणाणते. ओएचएलची मैदानं मोठी असतील, पण ते वातावरण मी दुसरीकडं अनुभवलं नाही.

दोन्ही वाटा एकाच घरातल्या पाहायच्या असतील तर कचुक बंधू पाहा. सेंट लुईसमध्ये वाढलेले. दोघंही आपल्या मिशिगनमधल्या राष्ट्रीय विकास संघातून गेले. थोरला मॅथ्यू पुढं लंडन नाइट्सकडं गेला, २०१६ चा मेमोरियल कप (कॅनेडियन ज्युनियर हॉकीचं विजेतेपद) जिंकून देणारा गोल त्यानंच ओव्हरटाइममध्ये मारला आणि त्याच उन्हाळ्यात सहाव्या क्रमांकावर निवडला गेला. धाकटा ब्रेडी बॉस्टन विद्यापीठात एक वर्ष खेळला आणि २०१८ मध्ये चौथा आला. वडील स्वतः त्याच कॉलेजचे आणि एनएचएल खेळलेले, तरी दोन मुलांना दोन वाटा. त्यामुळे एकच वाट खरी, असं मी कुणालाही सांगत नाही.

राष्ट्रीय विकास संघाचं बोलावणं आलं तर मात्र माझ्या लेखी चर्चा उरत नाही. ते प्लिमथला आहे, घरापासून अर्ध्या तासावर असू शकतं, आणि ती दोन वर्षं मुख्यतः घडवण्यासाठीच आहेत. फार थोड्यांना येतं. आमच्याकडं आलं नाही.

आता यूएसएचएल-कॉलेजच्या वाटेतली आजची अडचण, जी आमच्या वेळी नव्हती. कॅनेडियन ज्युनियरमधली एकोणीस-वीस वर्षांची कसलेली पोरं आता कॉलेजांना मिळू लागली आहेत, आणि कोच त्यांना घेणारच. संघात जागा तेवढ्याच. महाविद्यालयीन खेळाच्या न्यायालयीन तडजोडीनंतर अनेक कॉलेजांत हॉकी संघाची मर्यादा २६ ठरलीय. परिणाम असा, की सोळाव्या वर्षी दिलेला शब्द अठराव्या वर्षी टिकेलच असं नाही. मुलाला आणखी एक वर्ष ज्युनियरमध्ये काढून ये असं सांगणारे फोन आता जास्त होतात, हे मी माझ्या मुलाच्या धाकट्या मित्रांच्या घरी पाहतोय. हे धरूनच विचार करा. तरी पहिल्या डिव्हिजनमध्ये साठाच्या वर कॉलेजं आहेत, एकट्या मिशिगनमध्ये सात, आणि २०२५ चं विजेतेपद कॅलामझूच्या वेस्टर्न मिशिगननं बॉस्टन विद्यापीठाला ६-२ हरवून मिळवलं. मोठं नाव नसलेल्या कॉलेजातही उत्तम हॉकी आहे.

आणि ओएचएलला पाठवून नंतर कॉलेज करू, असं ठरवत असाल तर एक गोष्ट आजच करा. एनसीएएच्या पात्रतेसाठी हायस्कूलचे १६ मुख्य विषय लागतात. मुलगा ओंटारिओच्या शाळेत गेला तर तिथले विषय त्यात मोजले जातात की नाही, हे संघाच्या शिक्षण सल्लागाराकडून लेखी घ्या. दहावीत एक विषय सुटला आणि बारावीत तो कुठं भरायचा, या पेचात एक घर अडकलेलं मी पाहिलंय. पोरगं खेळत उत्तम होतं.

सीमेचा प्रश्न आपल्या लोकांसाठी वेगळा आहे, तो अमेरिकन कोचांच्या लक्षातही येत नाही. मुलगा इथं जन्मला, त्याच्याकडं निळा पासपोर्ट. त्याला कॅनडात शिकायला कागदपत्रं लागतील, ती संघ करून देतो. पण आईवडील अजून एच-वन-बीवर असतील तर? भारतीय पासपोर्टवर विंडसरचा सामना पाहायला कॅनडाचा व्हिसा हवा, आणि परतताना आपल्या इथल्या व्हिसाच्या शिक्क्याची तारीख पाहावी लागते. ग्रीन कार्ड झालेल्यांना ही अडचण नाही. पण ज्यांचं रांगेतच वर्षानुवर्षं अडकलंय अशी किती घरं आपल्या ओळखीत आहेत! मुलगा डेट्रॉईट-विंडसर बोगद्याच्या पलीकडं कॅनडात खेळतोय आणि आपण अलीकडं मोबाइलवर पाहतोय, ही वेळ कुणावर येऊ नये. सॅगिनॉ आणि फ्लिंट हे ओएचएलचे संघ याच बाजूला आहेत. त्यांच्यापैकी कुणी निवडलं असेल तर ही काळजी बरीच हलकी होते, तरी बाहेरचे बहुतेक सामने पलीकडंच असतात.

चेहऱ्याचं एक. कॉलेजात पूर्ण जाळी किंवा पूर्ण काच सक्तीची आहे, आणि मारामारी केली की सामन्याबाहेर, शिवाय पुढचा सामनाही बंद. ओएचएलमध्ये अर्धी काच चालते आणि मारामारीला पाच मिनिटांची शिक्षा. माझ्या बायकोच्या दृष्टीनं हा मुद्दा इतर सगळ्यांहून वर होता. मी त्याला फार वजन दिलं नाही. ज्या मुलांना पुढं व्यावसायिक खेळायचंय त्यांना अर्ध्या काचेची सवय कधीतरी करावीच लागते. पण तिचं म्हणणं चुकीचं आहे असं कोण म्हणेल?

पैशाबद्दल थोडक्यात. दोन्हीकडं संघ राहण्याचा, साहित्याचा, प्रवासाचा खर्च उचलतो. ट्रिपल-एची बिलं भरून दमलेल्या घराला दोन्हीकडं सुटका वाटते. कॉलेजची शिष्यवृत्ती पूर्ण मिळेल असं धरून चालू नका. अर्धी किंवा पाव मिळाली तर उरलेली फी परवडणार आहे का, हे आधी बसून ठरवा. आयव्ही लीगची कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, फक्त घरच्या उत्पन्नानुसार मदत देतात.

मग कुणी कुठं जावं? मला विचाराल तर, मुलगा सोळाव्या वर्षीच अंगानं तयार असेल, पहिल्या-दुसऱ्या फेरीत निवडला गेला असेल, संघाचा कोच त्याला पहिल्याच वर्षी पॉवर-प्लेवर (समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) खेळवणार असेल, आणि त्याला स्वतःला बुधवारी रात्री खेळून गुरुवारी सकाळी शाळेत जायची भीती वाटत नसेल, तर ओएचएल. नवीन नियमामुळे कॉलेजही हातचं जात नाही. घर सॅगिनॉजवळ असेल आणि मुलगा घरीच राहू शकत असेल तर हा कल आणखी वाढतो.

तो मधल्या किंवा खालच्या फेरीत गेला असेल, वर्षाच्या शेवटी जन्मलेला असेल, अंग अजून भरायचं असेल, डिफेन्समन किंवा गोलकीपर असेल, तर मी यूएसएचएलला पाठवीन. नियम बदलल्यावरही माझं मत हललेलं नाही, कारण माझा आक्षेप कॉलेजचं दार बंद होण्यावर नव्हताच. आठवड्याच्या मधल्या त्या रात्रीवर होता, आणि ६८ सामन्यांचं वेळापत्रक अजून तसंच आहे. ओएचएलमध्ये तिसऱ्या जोडीत बसून सामन्याला आठ मिनिटं खेळणारा सोळा वर्षांचा डिफेन्समन बर्फावरही घडत नाही आणि जिममध्येही नाही, असं मला वाटतं. कदाचित माझा मुलगा तिकडंही फुलला असता. पण तो ज्या पद्धतीनं वाढला त्यात मला घाई कुठंच दिसली नाही.

निर्णयाआधी दोन्ही संघांकडून गेल्या हंगामाचं पूर्ण वेळापत्रक मागून घ्या आणि मंगळवार, बुधवार, गुरुवारचे सामने रंगवून पाहा. मग त्या संघातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची त्या सामन्यांतली बर्फावरची मिनिटं विचारा. संघ देतात, विचारावं लागतं. आणि जमलं तर एका बिलेट घरी आठवड्याच्या मधल्या रात्री मुक्काम करा, मुलाला बरोबर घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला काय वाटतं ते त्याच्या तोंडून ऐका, तुम्ही आधी काही बोलू नका.